कॉम्प्रेशन कमी दाखवतंय, इंजिन दोनदा खोललं तरी तेच? आधी गेजची नळी बघा

दर गळीत हंगामाच्या आधी दोन-तीन गाड्या ह्याच दुखण्याच्या येतात म्हणून एकदा नीट टाइप करून ठेवतो, म्हणजे परत परत फोनवर सांगायला नको. गाडीचं काम केलेलं असतं, म्हणजे पंप वाढवलाय, टर्बो मोठा बसवलाय, हेड गॅस्केट जाड टाकलंय, आणि मग कधीतरी धूर मारते म्हणून कुणीतरी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायचं घड्याळ) लावतो, काटा ३३० पौंडावर (चौरस इंचाला पौंड, म्हणजे पीएसआय) थांबतो आणि मालकाला सांगितलं जातं की इंजिन गेलं, खोला. खोलतात, रिंगा टाकतात, वॉल्व घासतात, परत गेज लावतात आणि काटा परत ३३० वरच. मी स्वतः ह्यात एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय, तीच गाडी डोळ्यासमोर ठेवून सांगतो.

गाडी म्हणजे टाटाचा जुना २५१५ ट्रक, इंजिन कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर, बारा वॉल्वचं, मेकॅनिकल पंपाचं. बोअर १०२ मिमी, स्ट्रोक १२० मिमी, ब्लॉकमध्येच बोअर, वेगळा लायनर नाही. हेच इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये येत होतं आणि तिकडची पोरं त्याच्यावर काय काय उद्योग करतात ते सगळ्यांनी बघितलंयच, त्यामुळे नेटवर जे आकडे फिरतात ते बहुतेक तिकडचेच. ३५० पौंडाच्या खाली गेलं की इंजिन बाद, हा त्यातलाच एक आकडा. तो कंपनीच्या जशाच्या तशा इंजिनला लावा, ठीक आहे. आपण ज्याच्यात हात घातलाय त्याला तो लावायचा म्हणजे ढगळ शर्टाचं माप घेऊन माणूस बारीक झाला म्हणण्यासारखं आहे.

मालकाची तक्रार अशी होती की सकाळी थंड असताना पांढरा धूर आणि एक सिलिंडर मिस, दोन-तीन मिनिटांत साफ, नंतर दिवसभर काही नाही, गगनबावड्याच्या घाटात सुद्धा ओढायला तक्रार नाही. थंड असताना एकेक नोजलच्या (डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या) पाईपचा नट ढिला करून बघितला, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल बंद, तर पाच नंबर ढिला केल्यावर आवाजात काहीच फरक पडत नव्हता, गरम झाल्यावर तोच नट ढिला केला की लगेच फरक. म्हणजे पाच नंबर थंडपणी पेटत नाही एवढं नक्की. नोजल बदलून बघितलं, दोन नंबरचं पाचला आणि पाचचं दोनला, मिस पाचलाच राहिला. मग कॉम्प्रेशन.

आमचं गेज तेव्हा बाजारातून आणलेलं, डिझेलचं म्हणून विकलेलं, हजार पौंडापर्यंत काटा, फूटभर रबरी नळी आणि पुढं अ‍ॅडॉप्टर. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, बरीचशी तशीच मिळतात. रीडिंग आली ती अशी, एक ते सहा: ३२८, ३३२, ३३०, ३२६, २९८, ३३१.

आता बघा इथं दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि आम्ही त्यांचा एकच गोळा केला. एक, सगळेच आकडे ३५० च्या खाली का. दोन, पाच नंबर बाकीच्यांपेक्षा तीसएक पौंडानं कमी का. ह्याची उत्तरं वेगळी आहेत, कारणं वेगळी आहेत, आणि आमच्या डोक्यात मात्र एकच की इंजिन बसलंय आणि पाच नंबर जास्त बसलाय.

पहिला प्रश्न आधी घेतो कारण सगळ्यांचे पैसे तिथंच जातात.

डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर जी जागा उरते ती किती लहान असते ह्याचा अंदाजच आपल्याला नसतो. ह्या इंजिनात एका सिलिंडरची भरती ९८० सीसी. रेशो, म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या जागेच्या किती पट, तो १७.५ धरला तर ९८० भागिले १६.५ (१७.५ वजा एक), म्हणजे वर उरलेली जागा फक्त ५९ सीसी आणि थोडं. चहाच्या टपरीवरचा कटिंग ग्लास, त्याच्याहून जागा कमी. ह्या एवढ्याशा जागेत तुम्ही चार सीसी वाढवा नाहीतर आठ सीसी वाढवा, रेशो धाडकन खाली येतो.

जाड गॅस्केट म्हणजे काय, तर समजा अर्धा मिमी जास्त. १०२ च्या बोअरचं क्षेत्रफळ गुणिले अर्धा मिमी, चार सीसीच्या वर जागा वाढली. रेशो १७.५ चा १६.४ झाला. म्हणजे अर्ध्या मिमीला एक पॉइंट जातो असं लक्षात ठेवा. हे मुद्दामच केलेलं असतं, बूस्ट (टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवलाय तर हेडवर येणारा जोर कमी राहावा म्हणून, त्यामुळे कॉम्प्रेशन कमी दाखवलं तर तो बिघाड नाही, ती तुम्हीच मागून घेतलेली गोष्ट आहे. कुणी पिस्टनच कमी रेशोचे टाकले असतील, १४ वगैरे, तर धडधाकट इंजिन सुद्धा ३०० च्या आगेमागे दाखवेल आणि त्याला काहीही झालेलं नसेल, फक्त थंडीत उठताना कुरकुर करेल.

आता नळी. गेजमध्ये हवा अडवून धरणारी पिन असते, टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशी. ती पिन नळीच्या कुठल्या टोकाला आहे ते बघा. पिन अ‍ॅडॉप्टरच्या तोंडाशी, म्हणजे सिलिंडरच्या जवळ असेल तर नळीची जागा मोजली जात नाही कारण प्रत्येक फेरीला थोडी थोडी हवा आत साठत जाते आणि शेवटी नळीत सिलिंडरएवढंच प्रेशर होतं. पण पिन गेजच्या बाजूला असेल तर अख्खी नळी ही सिलिंडरच्या वरच्या जागेचाच भाग झाली, दर फेरीला ती भरायची आणि दर फेरीला रिकामी. आमच्या गेजची पिन घड्याळाच्या बुडाशी होती. मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज आणली, नळी उभी धरली आणि पिनपर्यंत रॉकेल भरलं, साडेआठ मिली बसलं. साडेआठ! ५९ सीसीच्या जागेत साडेआठ सीसीचं फुकटचं भाडेकरू.

हिशोब करून बघा, जाड गॅस्केट आणि नळी मिळून जागा ७२ सीसी झाली, रेशो १४.६ वर आला. सेल्फवर इंजिन हळू फिरतं तेव्हा हवेची बरीच गरमी भिंतींना जाते, थोडी हवा रिंगमधून सुटते, म्हणून मी रेशोचा १.२ चा घात धरतो, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरला आडवा केला की ते बटण येतं. १४.६ चा १.२ घात म्हणजे २५ पट. आता २५ पट कशाची, तर बाहेरच्या हवेची. आणि हे पण लोक विसरतात की आपण समुद्राकाठी नाही. मुंबईकडं कळंबोलीत हवा १४.७ पौंड, कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंच, इथं पावणेचौदा. पुण्यात पण तेवढंच. महाबळेश्वरला गेलात तर साडेबारा. म्हणजे तेच इंजिन तेच गेज, कळंबोलीत ४४० दाखवणारं इंजिन आमच्याकडे ४१२ आणि महाबळेश्वरला ३७५ च्या आसपास दाखवणार, आणि कुणाचंच काही बिघडलेलं नाही.

तर पावणेचौदा गुणिले २५, वजा पावणेचौदा (गेज बाहेरच्या हवेच्या वरचाच दाब दाखवतं), झाले ३३०. आमची रीडिंग काय होती? ३२८, ३३२, ३३०, ३२६, ३३१. म्हणजे पाच सिलिंडर अगदी जिथं असायला पाहिजेत तिथंच होते आणि आम्ही त्यांच्या रिंगा काढल्या. हा हिशोब मला तेव्हा सुचला नाही, नंतर सुचला, म्हणून तर हे लिहितोय.

नळीचा इलाज सोपा आहे. जुना खराब नोजल होल्डर घ्या, आतला माल काढून टाका, कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये कुठल्याही लेथवाल्याकडून त्याला आरपार बारीक भोक मारून घ्या आणि पिन जितकी खाली बसवता येईल तितकी खाली बसवून घ्या. भोकाची आणि पिनच्या खालची मिळून जागा एक सीसीच्या आत आली पाहिजे, सिरिंजनं मोजा. पिन मात्र टायरवाल्याकडची टाकू नका, तिची स्प्रिंग कडक असते आणि त्यानंपण रीडिंग खाली येतं, कॉम्प्रेशन गेजची वेगळी मऊ स्प्रिंगची पिन मिळते ती मागा. आणि होल्डरच्या खाली कॉपर वॉशर टाकल्याशिवाय बसवू नका, आणि त्याच्याआधी जुना वॉशर भोकात चिकटून राहिलाय का ते बॅटरी मारून बघा, कारण नोजल काढलं की वॉशर बऱ्याचदा खालीच राहतो आणि वर दुसरा बसवला की दोन वॉशर होतात, मग नोजलची टोकाची उंची पण बदलते.

आता टेस्ट घ्यायची पद्धत, ही थोडक्यात सांगतो कारण बहुतेकांना माहीत आहे. इंजिन गरम करून घ्या, एअर फिल्टर काढून ठेवा, सहाही नोजल बाहेर (होल्डरच्या नटाला २४ चा पाना), स्टॉप केबल ओढून तारेनं बांधा म्हणजे पंप डिझेल मारणार नाही, तरीपण भोकासमोर तोंड घेऊन उभं राहायचं नाही. प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके द्या, मी आठ मोजतो. पहिल्या ठोक्याला काटा किती उडतो ते पोराला ओरडून सांगायला सांगा, पहिला ठोका कमी आणि नंतर चढत चढत जवळपास बरोबरीला आला तर रिंग, पहिला कमी आणि नंतरही चढतच नाही तर वॉल्व, हे साधारण खरं ठरतं.

बॅटरीचं मात्र थोडं जास्त सांगतो. एक पासून सुरू करून सहापर्यंत येईस्तोवर बॅटऱ्या थकतात, सेल्फ हळू होतो, आणि मग सहा नंबर नेहमी कमी दाखवतो. एका मित्रानं ह्या नादात सहा नंबरचा वॉल्व दोनदा घासलाय, खोटं वाटेल पण खरं आहे. चार्जर लावून ठेवा आणि एकदा एक ते सहा झालं की परत सहा ते एक घ्या. दोन्ही वेळा तोच सिलिंडर कमी आला तर तो खरा.

बरं, आता आमच्या पाच नंबरकडे या.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मी काय केलं, तर सगळे करतात तेच, तेल घालून टेस्ट. पाच नंबरमध्ये सिरिंजनं दहा सीसी इंजिन ऑइल सोडलं, सेल्फ मारला, काटा २९८ वरून सरळ ३५० ला. झालं, निदान पक्कं, तेलानं रिंग बंद झाली म्हणजे रिंग गेली. हाफ इंजिन केलं, सहाही रिंगा नवीन, बोअर मोजले ते मापात होते (तिथंच शंका यायला पाहिजे होती). बसवलं, चालवलं, रीडिंग घेतली, पाच नंबर २९९.

एक पौंड. हाफ इंजिनाच्या खर्चाला एक पौंड.

तेलाची टेस्ट पेट्रोलच्या मोटरसायकलला ठीक आहे. ह्या इंजिनात पिस्टनच्या डोक्यात वाटी असते, तेल सोडलं की ते त्या वाटीत जाऊन बसतं, रिंगेपर्यंत पोचतंच असं नाही, आणि दहा सीसी तेल म्हणजे वरची जागा दहा सीसीनं कमी, मग प्रेशर वाढणारच, रिंग चांगली असो की वाईट. हे मला पटलं कधी, तर नंतर रागारागात चांगल्या असलेल्या दोन नंबरमध्ये पण दहा सीसी सोडलं, तो ३३२ वरून ३९० ला गेला. चांगला सिलिंडर सुद्धा ५८ पौंडानं उडतो तर ती टेस्ट काय सांगणार आपल्याला. आणि जास्त सोडलं तर पिस्टन तेलावर आपटून वेगळंच काम निघायचं, त्यामुळे डिझेलला मी ती टेस्ट बंदच केली.

दुसऱ्यांदा गाडी आली तेव्हा वॉल्व. टॅपेटची फट बघितली, इनलेट ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५० मिमी, बरोबर होती. हेड उतरवलं, पाच नंबरच्या सीटा घासल्या, रॉकेल ओतून ठेवलं, थेंब पण नाही. परत चढवलं. परत २९७. ह्यावेळी तर उलट दोन पौंडानं खालीच, कारण सीटा घासल्यानं वॉल्व अजून थोडा आत गेला. जाता जाता हे पण सांगतो, ह्या हेडला खालून सपाट पाठ आहे, जागा सगळी पिस्टनच्या वाटीत, त्यामुळे हेड प्लेन करून आणलं म्हणून कॉम्प्रेशन वाढत नाही, आणि वॉल्व प्रत्येकी एक मिमी आत बसले तर तीनएक सीसी जागा वाढून पाऊण पॉइंट रेशो जातो. ज्या हेडच्या सीटा तीन-चार वेळा कापून झाल्यात तिथं हे बघा.

मालक चिडला नाही हे त्याचं मोठेपण. फक्त एवढंच म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही सांगाल ते करू, पण ह्या टायमाला नक्की काय ते सांगा."

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं ते केलं, लीकडाऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते बघायचं. दोन गेजं, मध्ये बारीक भोक, कॉम्प्रेसरची सात केजी हवा. पाच नंबर कॉम्प्रेशनला बरोब्बर वर आणायचा, जरा पुढंमागं झालं तर हवेच्या जोरानं इंजिन फिरतं, पाना लावलेला असेल तर हात तोडेल, त्यामुळे पाना काढून मगच हवा सोडा. हवा सोडली की कान लावायचे, एअर फिल्टरच्या पाईपात आवाज आला तर इनलेट, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून किंवा ऑइलच्या झाकणातून आला तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा, शेजारच्या नोजलच्या भोकातून फुसफुस आली तर दोघांच्या मधलं गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील तर तेच बहुतेक.

सहाही सिलिंडरची गळती दहा ते तेरा टक्क्यांच्या आत आली. पाच नंबरची अकरा. म्हणजे पाच नंबर हवा धरून ठेवतोय, कुठंही सोडत नाही, तरी कॉम्प्रेशन कमी.

इथं थांबून जरा विचार करा. हवा गळत नाही तरी प्रेशर कमी, ह्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर हवा मुळात आत कमी येतेय, किंवा आत आलेली हवा कमी दाबली जातेय. कमी येतेय म्हणजे इनलेटचा कॅम लोब झिजलाय, पुशरॉड वाकलाय, वॉल्व पूर्ण उघडत नाही. ते बघायला वेळ लागत नाही, टॅपेट कव्हर काढायचं आणि डायल गेज रॉकरवर ठेवून इंजिन हातानं फिरवायचं, पाच नंबरचा इनलेट बाकीच्या पाच जणांएवढाच उघडतोय का. आमचा उघडत होता. (ज्यांनी मोठा कॅम टाकलाय त्यांच्यासाठी: इनलेट उशिरा बंद होतो, सेल्फवर पिस्टन वर यायला लागला तरी वॉल्व उघडाच, थोडी हवा परत बाहेर जाते, त्यामुळे सगळे सिलिंडर सारखेच कमी दाखवतात. चालू इंजिनात ती हवा परत जायला वेळच मिळत नाही. पुन्हा तेच, बिघाड नाही.)

राहिलं कमी दाबली जातेय. म्हणजे पिस्टन पुरता वर येत नाही.

हेड परत उतरवायच्या आधी एक सोपं बघता येतं, ऑइलचं चेंबर खाली घ्यायचं, प्रत्येक पिस्टन अगदी खाली आणायचा आणि बोअरच्या खालच्या कडेतून पिस्टनची झालर (त्याचा खालचा भाग) किती बाहेर लोंबते ते व्हर्नियरनं मोजायचं. रबराच्या चटईवर पाठ टेकून, तोंडावर ऑइलचे थेंब, पोरगं वरून क्रँक फिरवतंय, मी खालून आकडे सांगतोय. चार जण सारखे, एखाद्या दशांशाचा फरक. पाच नंबरला आलो तर पाऊण मिमीच्या वर जास्त लोंबतोय. परत मोजला. पोराला म्हटलं तू ये खाली, तू मोज. त्यानं पण तेच सांगितलं.

मग हेड काढून ब्लॉकच्या तोंडावर डायल गेज ठेवलं, पाच पिस्टन एकसारखे वर येत होते आणि पाच नंबर ०.८ मिमीनं खाली थांबत होता. कनेक्टिंग रॉड वाकलेला. बाहेर काढून काचेवर ठेवला तर डोळ्याला सुद्धा दिसत नव्हता इतका थोडा, पण पिस्टन बघितला तर सगळं लिहिलेलं होतं, झालरीवर एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली तिरका घासल्याचा चकचकीत पट्टा. हा पट्टा पहिल्या हाफ इंजिनाच्या वेळी पण असणार. माझ्याच हातातून तो पिस्टन गेला, मीच त्याला नवीन रिंगा चढवल्या.

०.८ मिमी म्हणजे साडेसहा सीसी जागा जास्त. हिशोबात टाकून बघा, नळीसकट ७८.५ सीसी, रेशो साडेतेरा, येतात २९८. काटा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता, आम्हालाच ऐकायला येत नव्हतं.

मी मालकाला विचारलं, गाडीत कधी पाणी गेलं होतं का. आधी नाही म्हणाला. मग जरा वेळानं चहा पिता पिता म्हणाला की २०१९ च्या पुरात, शिरोलीजवळ हायवे बंद होता तेव्हा गाडी खालच्या अंगाला अडकली होती, चाकं बुडाली होती फक्त. फक्त चाकं? तर नाही, फिल्टरपर्यंत आलं असेल. मग पाणी उतरल्यावर ड्रायव्हरनं सेल्फ मारला, एकदम टक्कन अडकलं, कुणीतरी नोजल काढून पाणी उडवून दिलं, ऑइल बदललं आणि गाडी चालू झाली, "चालू झाली म्हणून विषय सोडून दिला बघा." हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर जाताना पाणी मध्ये आलं, कुणीतरी हार मानायला पाहिजे, रॉडनं मानली. पुढं पंप वाढवला, जाड गॅस्केट आलं, सगळेच आकडे खाली आले आणि त्या गर्दीत हा पाच नंबर लपून गेला. कंपनीच्या रेशोवर असताना वाकलेल्या रॉडनंसुद्धा तो थंडीत पेटत होता, जाड गॅस्केटनं एक पॉइंट खाल्ला आणि मग पेटायचा बंद झाला. म्हणून मालकाला वाटायचं की टर्बोच्या कामानंतरच दुखणं सुरू झालं, आणि टर्बो बसवणाऱ्याला उगाच शिव्या बसल्या.

कोल्हापूर, सांगली, चिपळूणकडच्या गाड्या ज्यांच्याकडे येतात त्यांनी हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. आणि "पाण्यात गेली होती का" असं विचारू नका, लोक नाहीच म्हणतात, "सेल्फ मारल्यावर कधी अडकली होती का" असं विचारा.

आणखी एक, टक्क्यांचा नियम. सगळ्यात कमी सिलिंडर सगळ्यात जास्तच्या ८० टक्क्यांच्या वर असला की चालतं असं आपण सगळे म्हणतो, मीपण म्हणायचो. आमचा पाच नंबर ३३२ ला २९८, म्हणजे जवळपास ९० टक्के. नियमात मस्त बसत होता. त्यामुळे मी आता असं बघतो की फरक लहान असला तरी तो तोच सिलिंडर आहे का, उलट्या क्रमानं घेतल्यावर पण तोच आहे का, काम केल्यावर पण आकडा हलला नाही का. रिंगा बदलल्या आणि आकडा एका पौंडानं हलला तर रिंगेचा संबंध नव्हता. एवढं साधं आहे, पण त्यावेळी गाडी बाहेर काढायची घाई असते.

उलट बाजू पण सांगतो, नाहीतर कुणीतरी फसेल. सगळे आकडे छान सारखे आले म्हणजे हेड गॅस्केट चांगलं असं नाही. सेल्फवर आपण फार तर चारशे पौंडाचा दाब बघतोय, घाटात फुल बूस्टला जळणाचा दाब त्याच्या कितीतरी पट असतो, तेव्हा हेड किंचित उचललं जातं आणि गॅस पाण्यात जातो, गाडी उभी केली की परत बसतं. पंप वाढवलेल्या गाडीत रेडिएटरचं पाणी फक्त चढणीलाच बाहेर फेकत असेल तर कॉम्प्रेशन गेज घेऊन बसू नका, ते दाखवणार नाही. बोल्टचं टाइट बघा, ह्या इंजिनाला आधी ९० न्यूटन मीटर, मग लांब बोल्ट १२०, आणि मग सगळ्यांना पाव फेरा, आणि पाव फेरा म्हणजे पाव फेरा, अंदाजे नाही, बोल्टच्या डोक्यावर पेंटचा ठिपका लावा.

रॉड कुठून आणायचा हा पुढचा घोळ. वाकलेला रॉड प्रेसमध्ये सरळ करून देणारे आहेत, मी घेत नाही, एकदा वाकलेला तो परत वाकतो आणि बूस्ट वाढवलेल्या इंजिनात तर ब्लॉकच्या बाहेर यायचा. दुसरा आणला, वजन काट्यावर बाकी पाचांशी जुळवलं, पिस्टन नवीन, बोअरला पाच नंबरमध्ये तिरकी झीज अगदी किंचित होती, मापात, म्हणून बोअर तसाच ठेवला. बाकीचे पाच रॉडपण काढून तपासले, कारण पाणी एकाच सिलिंडरमध्ये गेलं होतं ह्याची खात्री कोण देणार. गॅस्केट जाडच ठेवलं, मालकाला बूस्ट कमी करायचा नव्हता.

नवीन आखूड अ‍ॅडॉप्टरनं जुन्या रॉडवर, हेड उतरवायच्या आधी घेतलेली रीडिंग वहीत आहेत: ३८०, ३८४, ३८२, ३७७, ३४०, ३८१. बघा, इंजिन तेच, गॅस्केट तेच, फक्त नळी गेली आणि ५० पौंड परत आले, पण पाच नंबर तिथंही ४० नं मागंच. काम झाल्यावर: ३८१, ३८४, ३८३, ३७८, ३७९, ३८२.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुद्दाम गेलो, रात्रभर थंड पडलेली गाडी, डिसेंबर होता. पहिल्या सेल्फला उठली, पांढरा धूर दोन-चार सेकंद, मिस नाही. पाच नंबरच्या पाईपचा नट ढिला केला, आवाज लगेच बदलला, परत आवळला. पहिल्या हाफ इंजिनाची मजुरी मी मालकाला परत केली, घेत नव्हता, ड्रायव्हरच्या हाती दिली.

रीडिंग विचारायला फोन करणार असाल तर आकड्यासोबत एवढं आधी बघून ठेवा: रेशो किती, गॅस्केट किती जाड, कॅम बदललाय का, गाव कुठलं, आणि नळीत सिरिंजनं किती मिली बसलं.